कंदीलवाल्याचं शेवटचं दार

माझ्या थोरल्या बहिणीच्या दिराइतका संशयी माणूस पुणे शहरात दुसरा नाही. पुण्यात असं विधान करणं धाडसाचं आहे, कारण इथे घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी 'किती वेळ आहात?' असं विचारणारी घरं मी पाहिली आहेत. तरीही मी हे विधान जबाबदारीने करतो. जबाबदारीने म्हणण्याचं कारण असं, की त्याच्या संशयातला निम्मा वाटा माझा आहे. एका दुपारी माझ्या हातून एक चूक झाली आणि त्यानंतर मी गप्प बसलो. चूक क्षणाची होती. गप्प बसणं मात्र मी पुढे रोज नव्याने करत राहिलो, आणि त्याचा हिशेब कुठल्याही देवळात चुकता होत नाही हे मला चाळिशीनंतर कळलं.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी अकरावीत होतो आणि तिचा दीर बारावीत. तिचं सासर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. माझा क्लास त्याच गल्लीत होता, त्यामुळे दोन तासांच्या मधला वेळ मी तिच्याकडेच काढायचो. घरोघरी केबल येऊ लागली होती आणि आखातातल्या कुणा नातेवाइकाने त्या घरात एक व्हिडिओ गेम आणून दिला होता. त्याच्या कॅसेटी कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्याने मिळत. कॅसेट चालेना की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, हा त्या काळातला सर्वमान्य उपचार. पण ताईच्या दिराच्या घरी फुंकर मारण्याचा अधिकार फक्त त्यालाच होता. 'तू चहा प्यायलायस,' तो मला म्हणायचा. 'साखरेची वाफ आत गेली की गेम चिकट होतो.' मी बिनसाखरेचा चहा पिऊन पाहिला. तेव्हा तो म्हणाला, 'दूध तर आहेच ना.'

त्या कॅसेटींतली एक मालिका आमच्या जिवाची होती. नाव जपानी लिपीत छापलेलं असल्यामुळे आम्ही तिला 'कंदीलवाला' म्हणायचो. टोपी घातलेला एक ठेंगणा माणूस हातात कंदील घेऊन एकामागून एक बुरूज चढतो, दऱ्यांवरून उड्या मारतो आणि वाटेत येणाऱ्या वटवाघळांना कंदिलानेच बडवतो, एवढीच गोष्ट. भाग चार. पण कुणाला कुठला भाग आवडतो यावरून माणूस ओळखता येतो, असं ताईच्या दिराचं तेव्हा ठाम मत होतं आणि आजही आहे. पहिला भाग आवडतो म्हणणाऱ्याबद्दल तो म्हणे, 'माणूस सज्जन असेल, पण आयुष्यात जागचा हलणार नाही.' चौथा आवडणाऱ्याला तो उत्तरच देत नसे, कारण चौथा भाग मूळ माणसांनी केलेलाच नाही असा त्याचा संशय होता. 'पायऱ्या उतरताना बघ. गुडघा वाकत नाही. हात बदललाय,' असं तो एखाद्या सोनाराने नाणं दातांखाली धरून बोलावं तसं बोले. मला तिसरा भाग आवडायचा. तिसऱ्यात रंग होते, चाली गोड होत्या, आणि मुख्य म्हणजे हवेत असतानाच आणखी एक उडी मारता यायची. पहिली चुकली तर दुसरीने सावरून घ्यायची सोय. 'म्हणूनच तुला आवडतो,' तो म्हणायचा. त्याचा देव दुसरा भाग. 'दुसऱ्यात एकदा कडा सुटला की सुटला. हवेत पश्चात्ताप करायला जागा नाही.' तो खेळाबद्दलच बोलत होता हे मला माहीत आहे. तरी पुढे आयुष्यभर हे वाक्य मला भलत्या वेळी आठवत राहिलं.

दुसरा भाग कुणीही शेवटपर्यंत खेळलेला नव्हता. त्यात मध्येच थांबून उद्या पुढे चालू करायची सोय नव्हती. मशीन बंद केलं की कंदीलवाला पुन्हा पहिल्या बुरुजाच्या पायथ्याशी. म्हणून ताईचा दीर टीव्ही बंद करायचा, पण मशीन दिवसचे दिवस चालूच ठेवायचा, वर आईला दिसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल टाकायचा. वैरी एकच होता: गुरुवार. दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे पोथीत लिहिल्यासारखं पक्कं. तेव्हा कंदीलवाल्याला काय पराक्रम करायचा तो शुक्रवार ते बुधवार या अवधीतच उरकावा लागे.

अशाच एका बुधवारी सकाळी तो मला जिन्यात भेटला. डोळे तांबारलेले, आवाज खाली. 'पोचलो,' तो म्हणाला. 'शेवटचं दार. हिरवं आहे. आणि ऐक, दारापाशी आल्यावर तो कंदील खाली ठेवतो.'

'मग उघडलंस का नाही?'

'एकट्याने उघडून काय उपयोग? तुम्ही मानणार आहात? संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडणार. उद्या गुरुवार, शिवाय कॅसेट परत द्यायची आहे.' मग आणखी जवळ येऊन म्हणाला, 'आणखीही एक गोष्ट दिसते तिथे. ती कुणालाच सांगणार नाही. उद्या कुणी येऊन मीही पोचलो म्हणाला तर विचारायला बरी.'

माझा विश्वास बसला नाही. हा माणूस बढाया मारतोय, संध्याकाळी काहीतरी कारण सांगून सुटणार, असं मला वाटलं. दुपारी तो प्रॅक्टिकलला गेला, काकू म्हणजे त्याची आई झोपल्या होत्या, ताई गच्चीवर वाळवण काढत होती. मी बैठकीत जाऊन टीव्ही लावला. आणि समोर हिरवं दार. कंदील खाली ठेवलेला. तो जे म्हणाला ते सगळं, शिवाय जे म्हणाला नव्हता तेही. मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे, जिन्यात ताईच्या चपला वाजल्या आणि मी घाबरून, आमच्या आईने लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे, खाली वाकून बोर्डावरचं बटण बंद केलं. टीव्हीचं नव्हे, बोर्डाचं. रुमालाखाली चमकणारा लाल ठिपका विझला. मी पुन्हा बटण लावलं. ठिपका आला, पण कंदीलवाला पुन्हा पहिल्या बुरुजाच्या पायथ्याशी गेला हे मला कळत होतं.

संध्याकाळी इमारतीतली पोरं जमली, ताईचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी ऑफिसातून लवकर आले, काकूंनी डाळं-चुरमुरे काढले. टीव्ही लागला आणि पहिल्या बुरुजाच्या पायथ्याशी कंदीलवाला कंदील झुलवत उभा. मग ताईचा दीर म्हणाला, 'वीज गेली असणार.'

'अरे, आज बुधवार,' भाऊजी म्हणाले. 'वीज गुरुवारी जाते. थाप मारायची तर वार बघून मारावी.' आणि कंदील खाली ठेवतो वगैरे ऐकल्यावर तर ते म्हणाले, 'कंदीलवाल्याने कंदील ठेवला तर तो पुढे पोटाला काय खाणार?' सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तुझ्या भावाने असं केलं म्हणून तिला सासरी ऐकावं लागेल, अशी मी माझी समजूत घातली. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्या कारणाचाच संशय येतो.

ती कॅसेट गुरुवारी परत गेली आणि पुढे दुकानच गेलं. तिथे आधी इंटरनेट कॅफे आला, मग मोबाइलवाला. ताईच्या दिराने मात्र तपास सोडला नाही. आणि या तपासात त्याने आपला सहायक म्हणून कुणाला निवडावं? मला. पर्वतीवर चढता चढता तो एकेका संशयिताची बाजू माझ्यापुढे मांडायचा. भाऊजींना त्याचं यश बघवत नव्हतं. काकूंना विजेच्या बिलाची धास्ती. खालच्या मजल्यावरचे फ्यूज काढून ठेवणारे गृहस्थ. एकदा तर त्याने ताईच्या मांजरीवरही आठवडाभर पाळत ठेवली. 'तुझं काय मत?' तो विचारायचा. मी म्हणायचो, 'मांजर असू शकेल.' देवाशप्पथ, मी असं म्हणालोय.

पुढे हा स्वभावच झाला. तो भाजीवाल्याला वजनकाटा रिकामा असताना दाखवायला लावतो. रिक्षात बसल्यावर मीटरकडे बघतो आणि मग मीटरकडे बघणाऱ्या आपल्याकडे रिक्षावाला कसा बघतो, तेही बघतो. मुलगी बघायला गेला तेव्हा त्याने मुलीच्या भावाला बाजूला घेऊन विचारलं, 'कंदीलवाला खेळलात का? कुठला भाग?' भाऊ चौथा म्हणाला. हा कांदेपोह्यांची बशी तशीच ठेवून उठला. नशिबाने पुढच्या घरी मुलीला भाऊच नव्हता. सॉफ्टवेअरचं वारं आलं तेव्हा सगळे म्हणाले, याचं कसं होणार. आणि झालं असं की कंपनीने त्याला टेस्टिंगला घेतलं. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची, तीही एसीत बसून. 'संशयाचा पगार मिळतो, हे आधी माहीत असतं तर बारावीलाच बसलो नसतो,' असं तो पहिल्या दिवाळीला म्हणाला. त्याच्या टेबलाखालच्या बोर्डावर चिकटपट्टी असते. घरातल्या प्रत्येक बोर्डावर असते. आमच्या घरी आला की चपला काढायच्या आधी त्याची नजर भिंतीकडे जाते. 'तुमची बटणं फार सैल आहेत रे,' तो म्हणतो, आणि माझ्या पाठीला घाम फुटतो. याला सगळं कळलंय आणि हा मला तोंड उघडायला वेळ देतोय, असा संशय मला कित्येक वर्षं होता. म्हणजे बघा, तो सगळ्यांवर संशय घेत होता आणि मी त्याच्यावर.

मग परवा ताईने बिबवेवाडीत नवीन फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत झाली. जेवणं झाल्यावर सगळे पाट-सतरंज्या आवरून भिंतीएवढ्या टीव्हीसमोर बसले. भाऊजी आता निवृत्तीला आलेत, पण खोड गेलेली नाही. ते म्हणाले, 'एक गंमत दाखवतो.' इंटरनेटवर कुणा परदेशी माणसाने कंदीलवाल्याचा दुसरा भाग शेवटपर्यंत खेळून टाकला होता. आम्ही पाहू लागलो. शेवटचा बुरूज आला, दार आलं. दार तपकिरी. कंदील हातातच. कंदीलवाला सरळ आत शिरला आणि नावं सुरू झाली.

'काय हो, हिरवं दार?' भाऊजी म्हणाले. 'खाली ठेवतो ना कंदील?'

सगळे हसले. काकूसुद्धा, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, आता हा उसळेल. हा खेळ मूळ माणसांचा नाही, गुडघा वाकत नाही, हात बदललाय असं काहीतरी म्हणेल. मनातल्या मनात मला कारणही सापडलं होतं: आमच्या कॅसेटी नकलेच्या नकला असायच्या, कुठल्या गाळ्यात कुणी काय फिरवाफिरवी केली असेल सांगता येत नाही. पण त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि हळूच म्हणाला, 'असेल. मलाच भास झाला असेल. जागरणं फार केली होती तेव्हा.'

त्याने आयुष्यात भाजीवाल्यापासून वीजमंडळापर्यंत कुणालाही सोडलं नव्हतं. पण स्वतःवर संशय घेताना मी त्याला प्रथमच पाहिलं. ते मला बघवेना.

'भास नव्हता,' मी म्हणालो. 'दार हिरवं होतं. मी पाहिलं होतं. तू प्रॅक्टिकलला गेला होतास तेव्हा मी टीव्ही लावला आणि बंद करताना बोर्डाचं बटण दाबलं. मांजर नव्हती. मी होतो.'

ताईच्या हातातलं विड्यांचं ताट तसंच राहिलं. भाऊजी म्हणाले, 'अरे, आता एवढ्या वर्षांनी त्याला बरं वाटावं म्हणून कशाला...'

'थांब दादा,' ताईचा दीर म्हणाला. चष्मा परत डोळ्यांवर चढला होता. 'तिसरा भाग आवडणाऱ्याची साक्ष अशी लगेच धरायची नसते.' मग तो माझ्याकडे वळला. 'हिरवं दार, खाली कंदील, हे मी गावभर सांगितलंय. आणखी काय होतं?'

'टोपी,' मी म्हणालो. 'त्याने टोपी काढून हातात धरली होती. देवळात शिरताना काढतात तशी. आणि टोपीखाली टक्कल होतं.'

त्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला, जिथे आता फारसं काही उरलेलं नाही. हसत कुणीच नव्हतं. टीव्हीवर ती परदेशी नावं अजून वर सरकत होती.

'म्हणजे होतं,' तो म्हणाला. मला नव्हे, दादालाही नव्हे. 'खरंच होतं.'

'होतं,' मी म्हणालो. 'तू एक शब्द खोटा बोलला नव्हतास. मला माहीत होतं आणि मी हसलो. माझं चुकलं रे. मला माफ कर.'