ताटांचं झाड

शाळेत मी स्वयंपाकाला आणि ती भांड्यांना. माझ्याहून थोरली, म्हणून मी ताई म्हणायचे. पोरांची ती भांडीमावशी. एकवीस वर्षं रोज दुपारी चारशे स्टीलची ताटं तिच्या हाताखालून गेली. धुतलेल्या प्रत्येक ताटावर ती टिचकी मारायची. आवाज बद्द आला तर कडेला खरकटं राहिलंय म्हणत पुन्हा घासायची. "बाई गं, ताट आहे ते, मडकं नव्हे," मी म्हणायचे. ती हसायची आणि पुढचं ताट उचलायची.

मग प्लास्टिकची ताटं आली. जेवा आणि फेका. पाण्याची बचत म्हणे! ताईच्या हाती झाडू आला, स्टीलची ताटं जिन्याखालच्या खोलीत गेली. पण हिचा जीव तिथेच अडकलेला. दर शनिवारी झाडलोट उरकली की त्या कोंदट खोलीत बसून ती ताटं पुसायची. "ती परत आली की मी परत मोरीवर," म्हणायची. मला नुसता संताप यायचा.

चार वर्षांनी फेकलेल्या ताटांनी मागचं गटार तुंबलं, घाण पाणी पहिलीच्या वर्गात शिरलं, तेव्हा कुठे साहेबलोकांना जाग आली. प्लास्टिक बंद झालं. ताईने दोन दिवस खपून सगळी ताटं लख्ख घासली आणि जेवणाच्या हॉलमध्ये रचून ठेवली. मोठ्या बाई आल्या आणि बघतच राहिल्या. "किती चकाकतायत! यांचं काहीतरी छान करायला हवं."

केलं की छान. जेवायला कागदी ताटं आली, तीही फेकायचीच. आणि स्टीलच्या ताटांना भोकं पाडून, बोल्ट आवळून, फाटकापाशी त्यांचं झाड उभं केलं. खाली पाटी, 'प्लास्टिकमुक्त शाळा'. फोटो निघाले, ज्याने त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मळकट ठेवली असतीस तर वाचली असती," मी तिलाच बोलून बसले. बोलायला नको होतं. त्या दिवशी ती डबा न उघडता घरी गेली.

आता शनिवारी ते झाड पुसायचं कामही तिच्याच गळ्यात. परवा शिडी मी धरली होती. ताट पुसलं की सवयीने तिची टिचकी. बोल्टने आवळलेलं ताट कसलं वाजतंय? प्रत्येक ताट बद्द वाजलं, आणि प्रत्येक वेळी ती ते पुन्हा घासायला लागली.