पेटीत मावेल तेवढाच खेळ: गंगाखेड, पाथरी, वालूर आणि परत

माझी नात तन्वी सध्या खेळाचा कंप्युटर जोडायलीय. लहान पाहिजे म्हणे, टेबलाच्या कोपऱ्यात बसणारा. रोज फोनवर मैत्रिणींशी वाद: आधी डबा घ्यायचा की आधी आतलं सामान. मी म्हटलं, अगं, हे भांडण मी आणि तुझ्या आईनं एसटीत बसून केलंय. ती म्हणाली, आजी, सांग, मी लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे यात काही चुकलं तर तिचं, आणि गोड लागलं तर माझं.

चौऱ्याण्णवची संक्रांत जवळ आली होती. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची बोलवा परभणीत गल्लोगल्ली चालू होती. होणार, नाही होणार, यंदा होणार. आमच्या वस्तीत कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. निम्मी माणसं निळं कापड आणायला पळत होती, निम्मी कपडे बांधून ठेवत होती, आणि काही जण दोन्ही करत होते.

आणि माझ्या सुनेला कंप्युटर पाहिजे होता.

रत्ना रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलेली. एका दुकानात कामाला होती. बाईनं उघडलेला टीव्ही लोक घरी न्यायला कचरतात, असं सांगून मालकानं तिला घरी बसवली. माझा मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. रत्नानं मग परस्पर परभणीच्या उरुसात कोपऱ्यावरची जागा धरली. तिथं खेळाचा कंप्युटर मांडायचा, पोरांनी येऊन पडद्यावर मोटारी पळवायच्या. नंतर हाच खेळ घेऊन जत्रा-जत्रांनी फिरायचं. उरूस भरायच्या आधी मशीन उभी राहिली नाही तर जागा शेजारच्या भेळवाल्याला जाणार होती, आणि रत्ना पुन्हा चुलीपुढे.

मी म्हटलं, "कर. पण माझ्या पेटीत मावली पाहिजे."

"आत्याबाई, कंप्युटर काय लुगडं हाय का घडी घालायला?"

"न्हाई मावली तर घरात न्हाई यायची."

या हट्टाचं कारण तिला ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तरला, याच नावाच्या भांडणात, आम्हाला आमचं गाव सोडावं लागलं. मी तेव्हा कपडे शिवायची. पायाची मशीन होती माझी, लोखंडी स्टँडची, दोन माणसांना उचलायची नाही. पत्र्याची पेटी उचलली, निघालो. पेटीत जे होतं ते आमचं राहिलं. मशीन राहिली गावात, आणि घराबरोबर जळाली. तेव्हापासून जे दोन बायकांना उचलून पळता येत नाही ते मी विकत घेत नाही. कपाट नाही, पलंग नाही. रत्ना लग्न होऊन आली तेव्हा कपाट आणणार होती, तिला मी घडीची खुर्ची आणायला लावली.

पेटी तेव्हा घरात नव्हती. तिची एक कडी तुटली म्हणून वालूरला करीमचाचांकडे दुरुस्तीला गेली होती. पेटी त्यांच्याच हातची. पाठवायच्या आधी मी तिचं माप सुतळीवर घेऊन ठेवलं होतं: लांबीची गाठ, रुंदीची गाठ, उंचीची गाठ. ती सुतळी कमरेला खोचली आणि निघालो.

गंगाखेड

पहिली फेरी पडद्यासाठी. परभणीहून सकाळची रेल्वे धरा. गोदावरीचा पूल लागतो तेव्हा खिडकीशी असाल तर बरं, नसाल तर कुणाच्या तरी मांडीवरून वाका, रागावत नाहीत. गंगाखेडला उतरलं की उसाच्या गाड्यांच्या मागं चालायचं, बाजारात पोचता. उसाचं कांडं कुणीही देतं, दात तेवढे आपले आणायचे.

भंगारवाल्याकडे दोन पडदे होते. एक लहान, हिरव्या अक्षरांचा. एक मोठा, रंगीत. मी सुतळी काढली. लहान पडदा गाठींच्या आत आरामात बसत होता.

"हा घे," मी म्हटलं.

"हिरवी मोटार बघायला कोण येईल, आत्याबाई? उरुसात पाळणा हाय, जादूगार हाय. रंग पायजे."

"हिरवा रंग न्हाई का?"

भंगारवाला हसला. "मावशी, सून बरोबर बोलायली. ह्यो हिरवा हिशोबाचा हाय, खेळाचा न्हाई."

रत्नानं रंगीत पडदा लावून घेतला. चित्र यायला आत कंप्युटर लागतो, तो आमच्याकडे कुठला? तिनं नुसता हात काचेजवळ नेला. हातावरचे केस उभे राहिले. "जिवंत हाय," ती म्हणाली. एवढ्या पुराव्यावर मी कोंबडीही विकत घेतली नसती. पण सुतळी लावून पाहिली तर उंची गाठीला बरोबर टेकत होती. लांबी, रुंदीही बसली. आता माझ्याच मापानं माझं तोंड बंद केलं.

घाटावर बसून भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. पाण्याकडे बघत रत्ना एक घास खायची आणि पडद्याची गाठ तपासायची. येताना तो पडदा गोधडीत बांधून माझ्या मांडीवर. मुलगा तान्हा असताना इतका जड नव्हता, आणि रडायचा तरी.

पाथरी

दुसऱ्या दिवशी मानवतमार्गे पाथरी, पडदा गोधडीत बरोबरच, कारण तसंच पुढं वालूरला पेटी आणायला जायचं होतं. एसटीचा ड्रायव्हर स्टँडवरच ओरडून सांगत होता, "जायला गाडी हाय, यायचं म्या सांगत न्हाई!" तरी गाडी भरली. सगळ्यांना कुठं तरी पोचायचं होतं आणि सगळे एकमेकांच्या गाठोड्याकडे बघत होते.

मधे पोलिसानं गाडी थांबवली. आमच्या गोधडीवर काठी टेकवली.

"काय हाय ह्यात?"

"पडदा," रत्ना म्हणाली.

"खिडकीचा?"

"कंप्युटरचा हाय, दादा," मी म्हटलं. "सोडून दाखवते, पण परत तुमालाच बांधावं लागंल. माझी कंबर गेलीय."

त्यानं काठी उचलली. पुढच्या माणसाची पिशवी मात्र रिकामी करून घेतली. त्यात नुसते तीळ होते.

पाथरीत एका सरांनी कंप्युटरचा क्लास काढला होता. विद्यार्थी आले नाहीत, सर राहिले. खोलीत दोन मशीनचं सामान मांडून ठेवलेलं. चहा चांगला देतात, पण त्यासोबत व्याख्यान असतं.

"हा मोठा बोर्ड घ्या," सर म्हणाले. "पुढं वाढवता येतो. किती जागा आहेत बघा."

रत्नानं लहान बोर्ड उचलला. "मला वाढवायचं न्हाई, सर. फिरवायचं हाय."

"बरं. पण हार्ड डिस्क तरी घ्या. सगळे खेळ त्यातच राहतात."

"धक्के सोसंल का ती?"

"धक्के कशाला देता?"

मी म्हटलं, "सर, तुमी मागच्या सीटवर बसून मानवतला जाऊन या, मग बोलू."

सर गप्प झाले नाहीत, सरच ते, पण विषय बदलला. हार्ड डिस्क राहिली. तिच्याऐवजी फ्लॉपीचे दोन कप्पे घेतले. एकात मशीन चालू करायची चकती, दुसऱ्यात खेळाची. एक बिघडला तर दुसरा आहे, असा रत्नाचा विचार. वीज देणारी लोखंडी डबी घेतली, तिला बारका पंखा. हातात धरून मोटार वळवायचा दांडा मात्र बदलून घेतला, कारण पहिला मीच बसल्या जागी हिसकून ढिला केला. पोरांच्या हातात टिकेल का ते बघत होते, म्हटलं.

जाताना सर म्हणाले, "एवढ्या लहान जागेत उष्णता धरेल हं." ते मात्र खरं निघालं.

वालूर

पाथरीहून सेलूला जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा ती निम्मी असते. त्या दिवशी मात्र चारच जण आणि ड्रायव्हर घाईला आलेला. समोरच्या बाईनं विचारलं, "कुठल्या हो तुमी?"

"परभणीच्या."

"मूळच्या?"

रत्नाचा हात गोधडीवर घट्ट झाला. मी म्हटलं, "मूळचं गाव सोडून लय दिवस झाले, बाई. आता जिथं उतरवाल तिथल्या."

ती जरा सरकली, मला जागा करून दिली. मग पदरातून ओली ज्वारी काढली, माझ्या हातावर ठेवली. "माझा बी जीव थाऱ्यावर न्हाई," म्हणाली. "पोरगं औरंगाबादला हाय." सेलू येईपर्यंत आम्ही हुरडा चघळत राहिलो.

सेलूत जीप बदलून वालूरला पोचलो तेव्हा करीमचाचा दुकानापुढं पेटी पुसत होते. नवी कडी घट्ट बसली होती. "आओ अम्मा, तुमची पेटी माझ्याहून जास्त जगणार," म्हणाले. मी त्यांच्याहून लहान, पण ते मला अम्माच म्हणायचे.

रत्नानं गोधडी सोडली, पडदा उचलला, पेटीत उतरवला.

बसला नाही. काठाच्या वर उरला. बोटभर.

तिनं फिरवला. आडवा करून पाहिला. बोटभरच.

"आत्याबाई, सुतळी द्या."

मी दिली. तिनं ती पेटीत लावली आणि माझ्याकडे बघत राहिली. सुतळी पेटीहून बोटभर लांब होती. तिन्ही बाजूंनी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर मी मापं घेतली ती अंगाची. अंगाच्या मापाला शिवणीसाठी बोटभर जास्त धरायचं असतं. पेटीच्या मापालाही माझ्या हातानं, मला न विचारता, बोटभर माया सोडली होती.

करीमचाचा हसता हसता ठसकले. "पेटीला झंपर शिवायलात का, अम्मा?"

रत्ना हसली नाही. खाली बसली. "भेळवाल्याला निरोप धाडते," म्हणाली.

चाचांनी नवी मोठी पेटी द्यायची तयारी दाखवली. त्यांच्या दुकानात तेवढी एक होती. आम्ही दोघींनी ती रिकामी उचलून पाहिली, त्यात पडदा ठेवून उचलून पाहिली. दारापर्यंत गेलो आणि माझा गुडघा बोलला. ती पेटी म्हणजे पुन्हा माझी पायाची मशीन झाली असती.

रत्नानं पडद्याच्या मागचे स्क्रू बोटानं चाचपले. मग म्हणाली, "ह्याचं प्लास्टिकचं कवच काढलं तर आतली काच मावंल. पण मग काचेला तोंड पायजे. पेटी पुढून कापावी लागंल."

चाचांनाही ठाऊक होतं ती कुठली पेटी आहे. सोळा वर्षांत मी तिला रंग लावू दिला नव्हता. दर वर्षी गडबडीची बातमी आली की पहिली ती कोपऱ्यातून निघायची. कापलेल्या पेटीत कपडे कसे न्यायचे? पाऊस आत येणार, वस्तू बाहेर पडणार. आणि रत्ना मला "कापा" म्हणत नव्हती. ती नुसती काचेवरची धूळ पुसत होती.

"अम्मा?" चाचांनी कात्री हातात घेतली होती.

"कापा," मी म्हटलं. "ह्या बारीला माया सोडू नका."

पत्रा कापताना जो आवाज येतो तो मला आवडत नाही, म्हणून मी त्यांच्या बायकोबरोबर मागं शेकोटीशी हुरडा भाजायला गेले. परत आले तेव्हा रत्ना कवच काढून बसली होती. पडद्याच्या काचेत वीज साठलेली असते, ती तिनं पेचकसानं काढून टाकली. "टच्" असा आवाज झाला आणि चाचा उडी मारून मागं सरले, ते मात्र बघायला मी वेळेवर पोचले.

रात्री तिथंच टेकलो, सकाळी सगळं जोडलं. पडद्यावर आधी नुसती लाली. रत्नानं एक वायर दाबली, निळं आलं. मग हिरवं. मग रस्ता आला, आणि रस्त्यावर मोटार. दांडा माझ्या हातात दिला. मोटार थांबवायची कुठं ते मला कळेना, मी पळवत राहिले. चाचा ओरडत होते, "अम्मा, झाड! झाड!" झाडं सगळी मी घेतली.

थोड्या वेळानं पत्रा तापला. मग चाचांनी खिळ्यानं दोन्ही बाजूंना भोकं पाडली, आठ पाकळ्यांच्या फुलांची. तन्वी, तुमचे डबे चमकतात, पण असली नक्षी मला दाखव.

परत परभणी

एसटी बंद झाल्या होत्या. वालूरहून सेलूला जीपनं आणि तिथून रेल्वेनं आलो, पेटीची एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. दोन बायकांना उचलता येत होती. शर्त पुरी झाली होती.

घरी पोचलो तर बातमीही पोचलेली. नाव झालं. वस्तीत पेढे वाटले जात होते आणि त्याच हातांनी दारं ओढून घेतली जात होती. कुठं काय पेटलं याच्या गोष्टी कोपऱ्याकोपऱ्यावर. शेजारच्या इंदूबाईनं दाराशी गाठोडं आणून ठेवलं होतं आणि स्वतः त्यावर बसली होती.

"तुमी बांधलं का?" तिनं विचारलं.

रत्नानं पेटीच्या कडीला हात घातला. "आत्याबाई, उचलायची का?"

मी पेटीकडे पाहिलं. सोळा वर्षं तिच्यात काय काय ठेवायचं ते मला पाठ होतं: दोन लुगडी, बाबासाहेबांचा फोटो, कात्री, भाकरीचं पीठ. आता आत काच होती, बोर्ड होता, पंखा होता. लुगड्याला जागा नव्हती. इतकी धावपळ करून मी पळायचीच पेटी कापून आले होते.

"वायर कुठं लावायची ती लाव," मी म्हटलं.

दार उघडं ठेवलं. आधी एक पोर आलं, मग गल्ली आली. इंदूबाईच्या नातीचा हात दांड्याला पोचत नव्हता, तर इंदूबाई आपल्या गाठोड्यावरून उठली आणि ते आमच्या दाराशी ओढून आणलं. बाकीच्यांनीही एकेक आणून टेकवलं. पोरं त्यावर उभी राहून मोटारी पळवत होती, आणि मोठी माणसं मागून सांगत होती, झाड, झाड.

उरुसात आमच्या कोपऱ्यावर रांग लागली. भेळवाला शेजारी होता, त्याचाही धंदा झाला. पुढं तन्वीच्या आईनं दुकान टाकलं, ते तुम्हाला ती सांगेल. पेटी माझ्या पलंगाखाली आहे, पडदा कधीच गेला. हो, पलंग आहे आता. सागवानी, चार माणसांना हलत नाही.