टपावरची फ्रेंच चित्रं

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या सोमवारी, फ्रेंच चित्रांची लाकडी पेटी कणकवलीहून एसटीच्या टपावरून मालवणला आली. पेटी उलटी होती.

आत छापील प्रती होत्या. महायुद्ध संपल्यावर फ्रान्सने आपली चित्रं देशोदेशीच्या संग्रहालयांत पाठवली. जिथे मूळ चित्रं पोचणं शक्य नव्हतं, तिथे अशा प्रती फिरत. हा संच मुंबईच्या एका सांस्कृतिक संस्थेकडे होता. तो मिळावा म्हणून आमच्या हायस्कूलच्या चित्रकलेच्या मास्तरांनी बऱ्याच खेपा घातल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांना रंगीत चित्र म्हणजे कॅलेंडर आणि दशावताराचा पडदा, एवढंच माहीत होतं. संस्थेची अट एकच: चौकटींना काचा आहेत, वाटेत एक जरी फुटली तर संच तिथूनच परत. मालवणनंतर शिरोड्याची शाळा वाट पाहत होती.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातमीसाठी स्टँडवर गेलो होतो.

पेटीच्या एका अंगाला एच-ए-यू-टी अशी काळी अक्षरं होती, विरुद्ध अंगाला बी-ए-एस. कणकवलीला ती टपावर चढवून घेणारा कंडक्टर मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

"खोको उलटो कित्याक ठेवलस रे?" मास्तरांनी विचारलं.

"उलटो खंय, मास्तरानू? 'बस' लिवलला आसा, तां वर ठेवलंय. बसनच जाऊचो म्हणान."

"ती फ्रेंच भाषा. पलीकडे लिहिलंय तो 'ओ', म्हणजे वर. याचा उच्चार बा. बा म्हणजे खाली."

"आमच्यात बा म्हणजे बापूस. बापूस खाली कसो रवतलो?"

हमाल हसले. मास्तर हसले नाहीत. "तू माझ्याच वर्गात होतस मां?"

"होतंय. तुमी चित्रां शिकवलास. फ्रेंच खंय शिकवलास?"

पेटी उतरवताना आत खळखळ झाली. हातगाडीवरून वाचनालयात नेताना ती प्रत्येक खड्ड्यात ऐकू आली. मास्तर पेटीवर हात ठेवून चालत होते. कंडक्टरही मागून आला. त्याची थट्टा थांबली होती.

वाचनालयात पेटी सरळ करून झाकण उघडलं. चौकटी खाचांत उभ्या होत्या, मधे जाड कापड. मास्तरांनी पहिली चौकट खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली. मग दुसरी. एकेक करत सगळ्या भिंतीला टेकल्या. एकही काच फुटली नव्हती. पेटीत पत्र्याची एक डबी होती. तिचं झाकण निघालं होतं आणि चौकटी टांगायचे आकडे आत पसरले होते.

"आकडे रे ते," मास्तर म्हणाले आणि बाकावर बसले.

कंडक्टर उकिडवा बसून आकडे गोळा करू लागला. "मास्तरानू, च्या सांगू?"

"सांग. साखर जास्त घालूक सांग."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. शाळेची मुलं रांगेने आली. बाजार आटोपून मासळीवाल्या आल्या. टोपल्या त्यांनी दाराबाहेर ठेवल्या. त्यांतली एक समुद्राच्या चित्रासमोर थांबली.

"ह्यो दर्यो खंयचो, मास्तरानू?"

"फ्रान्सचो."

"मगे थंयसर पण उधाण येता तर," ती म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे गेली.

आठवड्याअखेर चित्रं उतरवून पेटीत भरली. मास्तरांनी तिच्यावर खडूने मराठीत 'वर' असं लिहिलं. पेटी एसटीने शिरोड्याला गेली. दोन दिवसांनी तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. सगळ्या काचा शाबूत होत्या.