मी बुजवलेली मास्कची भोकं

मास्कला जिथं नळी जोडते, तिथं बारीक भोकं होती. आठ-दहा. तोंडानं फुंकलं, तर त्यातून हवा सूं करत बाहेर आली. मी भेगा बुजवायची लांबी मळली, भोकांवर दाबली, बोटानं सारखी केली. सुकल्यावर मास्क शेंडे गुरुजींच्या हातात ठेवला.

"घ्या. आता इथून हवा जात नाई."

रिसोडला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. पण दुसऱ्यानं हात टेकलेला गळका पंपही माझ्याकडून कोरडा होऊन जातो. गुरुजी जवळच्या खेड्यातले, रिटायर्ड मास्तर. झोपेत त्यांचा घसा मिटायचा अन् श्वास थांबायचा. म्हणून डॉक्टरनं सीपॅप मशीन दिली. ती नळीतून दाबानं हवा सोडते, त्या दाबानं घसा उघडा राहतो. नाका-तोंडावर मास्क, मागून पट्टे. गुरुजींची तक्रार एवढीच, की हवा डोळ्यांत जाते, डोळे कोरडे पडतात, आवाजानं झोप येत नाही.

"वाशीमच्या मॅडमले एकडाव इचारू का?" गुरुजी म्हणाले होते. मॅडम म्हणजे मशीन देणारी टेक्निशियन.

"मॅडमनं कधी पंपाचं वायसर बदललं का? लीक म्हणजे लीक, गुरुजी. पंपाचा काय अन् मास्कचा काय!"

गुरुजी मास्क घेऊन घरी गेले. जेवून दोन तास झोपतो म्हणाले.

तासाभरानं मला राहवलं नाही. मास्कच्या पिशवीवरचा मॅडमचा नंबर मी पाटीवर उतरवून ठेवला होता. फोन लावला.

"मॅडम, गुरुजींच्या मास्कचा जो लीक तुमाले सापडला नाई, तो म्या बंद केला."

"कुठला लीक, काका?"

"नळीजवळची भोकं."

तिचा आवाज बदलला. मला वाटलं, लाजली.

"काका, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजली तर माणूस आपलाच खराब श्वास परत परत ओढतो. झोपेत गुंगी चढते, मग जाग येत नाही. गुरुजी कुठं आहेत?"

"घरी. झोपाले गेले."

"मास्क काढायला सांगा! आत्ता!"

गुरुजींचा फोन बंद. झोपताना ते बंदच करतात. घरच्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडं नाही.

स्कूटी काढली. शटर तसंच उघडं. किल्ली उलटीच घातली, काढून परत लावली. रस्त्यावर कोणी सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याच्यावरूनच गाडी नेली. मागून आईवरून शिवी आली. मी वळून पाहिलं नाही. डोळ्यासमोर एकच, गुरुजींच्या दारात माणसं जमलेली आणि सगळी माझ्याकडं पाहणारी.

दारात कोणी नव्हतं. गुरुजींची बायको, आमच्या वहिनी, अंगणात तूर निवडत होत्या.

"जयभीम भाऊजी. हळू बोला. आज पहा कसे झोपले, कूस बी नाई बदलली."

मी आत धावलो. गुरुजी उताणे, तोंड लालबुंद, मानेखालची उशी घामानं ओली. मास्क ओढला, पट्टा कानाला अडकला, तो तोडला.

"गुरुजी!"

काही नाही. खांदे हलवले. काही नाही. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गुरुजींच्या गालावर मारलं. दोनदा.

त्यांनी डोळे उघडले. "काहून मारून राह्यला बे? डोकं फुटून राह्यलं माह्यं."

मी खालीच बसलो.

मॅडमला फोन केला, तिच्या सांगण्यावरून त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. वहिनींना मी सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमाले कोणी सांगतलं होतं शहाणपण कराले?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनं नवा मास्क लावला. मीही सोबत गेलो. गुरुजींना आडवं केलं, मशीन सुरू केली, मगच पट्टे बसवले. पट्टे फार आवळले की मास्कच्या कडेचं रबर दुमडतं, आणि डोळ्यांकडून हवा निघते. गुरुजी तर रोज एकेक घर जास्तच आवळत होते. वर चेहऱ्याला खोबरेल, त्यानं रबर सरकायचं. रबर रोज साबणाच्या पाण्यानं धुवायचं, असं मॅडमनं सांगितलं. एवढंच होतं दुखणं.

"काका, डोळ्यांकडचा लीक तुम्हाला सापडला नाही, म्हणून गुरुजी वाचले," मॅडम म्हणाली. "थोडा श्वास तिथून निघत होता. तोही बंद केला असता तर..."



आजही माझ्यासारखा मिस्त्री तालुक्यात नाही, हे मी कोणालाही सांगतो. पण दवाखान्याची वस्तू दुकानात आली, तर हात न लावता परत पाठवतो. आणि पंपातही अनोळखी भोक दिसलं, तर ते कायले पाडलं हे आधी विचारतो. विचारायला लाज वाटते, पण ती थोडा वेळच.