फाटका मोजा
कुणी सुईत दोरा ओवताना दिसलं की बेळगावच्या इस्पितळातली ती गारढोण खोली आठवते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं कॉम्प्युटर आला. आम्हा डॉक्टरांनी रुग्णांची औषधं स्वतः त्यात टाकायची, पण धूळ नको म्हणून आत जायचं ते बूट काढून. त्या दिवशी माझा मोजा फाटका होता. मी दारातूनच सिस्टरआक्कांना औषधं सांगितली आणि त्यांनी टाइप केली. रक्तदाबाच्या एका गोळीऐवजी मी दोन सांगून बसलो. उचगावचे एक आजोबा चक्कर येऊन पडले, कपाळाला टाके पडले. “हे कुणी टाकलं?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. “बटणं मीच दाबली, सर,” आक्का म्हणाल्या. मी पुढच्या खाटेकडं वळलो. संध्याकाळी त्या हळूच मला म्हणाल्या, “मोजा द्या इकडं, शिवून देते.” दोष त्यांना घेऊ दिला होताच, मोजाही दिला. तो अजून माझ्याकडं आहे. पायात घालायचं धाडस मात्र झालं नाही.