चाक पालथं ठेवा

टायरच्या दुकानांत त्याला 'जपूनराव' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण फिटर लोकांची कुजबुज ती काय, हवेच्या मशीनच्या आवाजातही ऐकू यायची. गाडी फाटकातून आत शिरली की एक जण दुसऱ्याला कोपर मारायचा, "आले बघ जपूनराव. गेली तुझी दुपार." या गृहस्थाला बाकावर बसा म्हटलं तर बसवत नसे. तो थेट मशीनपाशी यायचा, पिशवीतून जुन्या चादरीची घडी काढून मशीनवर अंथरायचा आणि म्हणायचा, "चाक पालथं ठेवा. टायर मागून चढवायचा. जपून."

"साहेब, जन्म गेला आमचा यात."

"म्हणूनच सांगतोय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्याचं बरोबरच होतं. चाकाला मधे एक खोलगट पट्टा असतो. टायरची कड त्यात उतरली की मगच टायर चाकावर चढतो. बहुतेक चाकांत हा पट्टा दर्शनी बाजूच्या जवळ असतो, म्हणून फिटर डोळे मिटून चाक उताणं ठेवतात. याच्या चाकांत तो मागच्या बाजूला होता. उताणं ठेवून जोर लावला, की मशीनची लोखंडी चोच दर्शनी किनारीवर घसरलीच म्हणून समजा. आणि किनार कशी, तर तिच्यात बघून भांग पाडावा अशी. ही चाकं बाजारात मिळणारी नव्हतीच. त्याच्या दादाने ती स्वतःच्या लेथवर कातून काढली होती, धाकट्याने घरातली पहिली गाडी घेतली तेव्हा.

दादा आणि तो आता बोलत नव्हते.

पोटापाण्याला तो दातांच्या कवळ्या करायचा. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याची खोली होती. डॉक्टर लोक तिथे जबड्याचे साचे पाठवत आणि तयार दात घेऊन जात. दिवसभर समोर टेबलावर आ वासलेले पांढरे जबडे. गावभर लोक त्याच्या हातचे दात घालून हसत होते, भांडत होते, नातवंडांचे मुके घेत होते, आणि त्यातला एकही माणूस त्याला ओळखत नव्हता. लग्न राहून गेलं. का राहिलं ते विचारू नका. काही गोष्टी नुसत्याच राहून जातात. सुट्टीच्या दिवशी तो गाडी धुवायचा. चाकं तर दात घासायच्या ब्रशाने घासायचा. गाडी अशी लख्ख करायची आणि मग कळायचं, की जायचं कुठेच नाही. दोन-चार गल्ल्या हिंडून तो परत यायचा.

भांडण आईवरून झालं होतं. ती इस्पितळात होती, नळ्या लावलेल्या, आणि दादाने ठरवलं की तिला आता घरी न्यायचं. घरी आणलं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. शेजारपाजारचे, नातेवाईक, सगळे दारात उभे होते, आणि त्या सगळ्यांसमोर धाकटा म्हणाला, "तू मारलंस तिला." जिभेला हाड नसतं हेच खरं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे वहिनी वारली तेव्हा धाकटा अंत्ययात्रेला गेला होता, पण परक्यासारखा मागे उभा राहून परत आला. चुकलो म्हणायला तोंड उघडायचं, आणि ते आपलं शिवल्यासारखं बंद. पडलो तरी नाक वर, त्यातली गत.

तर त्या दिवशी झालं असं, की टायर बदलायला तो नेहमीप्रमाणे मशीनपाशी उभा होता आणि त्याचा फोन वाजला. एका डॉक्टरांची तक्रार होती, म्हातारीची कवळी टोचतेय म्हणून. दुकानात आवाज फार, म्हणून तो बाहेर आला. आत दुसरा फिटर कामावर आला होता. त्याने चादर बाजूला फेकली आणि सवयीने चाक उताणं ठेवलं. करकर आवाज झाला तो याला बाहेर फोनवर बोलताना ऐकू आला, आणि बोलणं अर्धवट टाकून तो आत धावला.

बोटभर लांबीचा ओरखडा होता, आणि टोकाला कपचीही उडाली होती.

"एवढंसं तर आहे," दुकानदार म्हणाला. "आणि साहेब, असली भलती चाकं लावायचीच कशाला माणसाने?"

वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा. एरवी त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्याने नुसता अंगठा त्या ओरखड्यावरून फिरवला, आणि त्याला रडू फुटेल की काय असं वाटायला लागलं. दादाच्या हातचं एवढंच उरलं होतं त्याच्याकडे, आणि तेही सांभाळता आलं नाही. तो चाकं पॉलिश करणाऱ्याकडे गेला. पॉलिशवाल्याने चाक फिरवून फिरवून बघितलं आणि हात जोडले. "नको रे बाबा. हे ज्याने केलंय त्याच्याकडेच न्या. मी हात लावला तर वाटोळं होईल याचं."

मग स्टेपनी लावून, चाक मागच्या सीटवर ठेवून तो दादाच्या वर्कशॉपला गेला. अर्ध्या तासाचा रस्ता. इतकी वर्षं तो रस्ता जणू नव्हताच.

दादा लेथपाशी वाकलेला होता. केस पार पांढरे झाले होते. त्याने मान वर केली, धाकट्याकडे बघितलं, मग चाकाकडे.

"समोरून चढवला," दादा म्हणाला.

"हो."

"ठेव इथे."

बस, एवढंच. धाकटा स्टुलावर बसला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. एक खाट, एक खुर्ची, मोरीपाशी धुऊन पालथं घातलेलं एक ताट. एकच. दादाने चाक लेथवर बांधलं. आत्ताच बोलावं, धाकट्याने मनाशी ठरवलं. "दादा, मी तेव्हा..." म्हणेपर्यंत दादाने बटण दाबलं, आणि लेथच्या घरघरीत पुढचं सगळं वाहून गेलं. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. कातलेल्या धातूचे चकचकीत वेटोळे खाली पडत राहिले. चाक परत हातात आलं तेव्हा ओरखड्याचा मागमूस नव्हता.

"जेवलास?" दादाने हात पुसत विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला.

सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण तोंडातून 'हो' गेलं ते गेलंच. परतीच्या वाटेवर त्याने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की शेवटी काच वर करून घेतली. माणूस आपणहून विचारतोय जेवलास का, आणि हा शहाणा म्हणतो हो! चाक दुरुस्त झालं होतं, म्हणजे तिकडे जायचं कारणही संपलं होतं. नुसतं जाऊन दारात काय म्हणायचं? सहज आलो? इतक्या वर्षांनी कोण सहज येतं?

महिने गेले. तो जबडे घासत राहिला. खोलीत तो कुठेही बसला तरी 'जेवलास?' एवढा एक शब्द त्याला ऐकू यायचा.

आणि मग एक दिवस, धडधाकट टायर असताना, तो दुसऱ्याच एका दुकानात गेला. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. हा पुढचा टायर काढून पुन्हा बसवा म्हणाला, थरथरतोय म्हणून. धादांत खोटं. फिटरने चाक उचललं आणि मशीनवर उताणं ठेवलं. तो शेजारीच उभा होता, चादरीची घडी काखेत धरून. फिटरने टायर काढला, मग परत चढवायला घेतला आणि चोच खाली आणली. ओठांवर आलेलं 'जपून' त्याने गिळलं. करकर आवाज झाला तसे त्याने डोळे मिटले.

"सॉरी साहेब," फिटर घाबरून म्हणाला. "मला कळलंच नाही, हे चाक वेगळं आहे ते."

"तुमची चूक नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दादाने या वेळी चाक बराच वेळ उजेडात धरलं.

"तू नव्हतास तिथे?"

"होतो."

"चाक उताणं ठेवलेलं दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला नाहीस?"

"नाही."

दादाने चाक लेथवर बांधलं. मग म्हणाला, "मी दर वेळी थोडी किनार काढतो. एवढं शेवटचं. पुन्हा असं केलंस तर कातायला काही उरणार नाही." त्याचा हात बटणाकडे गेला.

"थांब," धाकटा म्हणाला. "मशीन लावू नकोस, दादा." आणि मग तुटक तुटक, पण सगळं बोलला. की तू आईला मारलं नाहीस. की तेव्हाही मला ते माहीत होतं. ती जाणार हे मला सोसत नव्हतं, म्हणून तुझ्या अंगावर ढकललं. की वहिनीच्या वेळी मागे उभा होतो, तेव्हा पुढे यायचं होतं. शेवटी त्याला हुंदकाच आला, आणि त्याने चादरीच्या घडीत तोंड खुपसलं.

दादाने बटणावरचा हात काढून घेतला. त्याने चाकाच्या किनारीवरून अंगठा फिरवला, मागे धाकट्याने फिरवला होता अगदी तसाच.

"एवढं बोलायला चाकाचा सत्यानाश कशाला करायला हवा होता रे, गाढवा," तो म्हणाला. मग त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "जेवलास?"

"नाही," धाकटा म्हणाला.

दादा मागच्या खोलीत गेला. मोरीपाशी पालथं होतं ते ताट त्याने उचललं. दुसरं फळीवर, डब्यांच्या मागे होतं. त्याने ते खाली काढलं, वरची धूळ फुंकली आणि नळाखाली धरलं.