पेडल कुणी दाबलं?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहाचा कप उचलून तिथून उठणारा माणूस. सगळी नोकरी मेंटेनन्सला, फिटर म्हणून केली. आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, एवढंच मला कळतं. त्यामुळे इथे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण इथले बाकीच्यांचे अनुभव वाचले... आणि घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहितो.

नाशिक रोडला, स्टेशनपासून थोडं आत आमची कॉलनी आहे. बैठं घर, शेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये जुनी पिकअप. रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली होती. सीझनला दिंडोरीकडच्या बागांतून द्राक्षांचे क्रेट आणायचे आणि इथे विकायचे, असा धंदा मी आणि माझी बायको मंदा, दोघांनी मिळून मांडला होता. मंदा गेल्यापासून गाडी उभीच होती.

मुलगा नितीन पुण्याला असतो. तो म्हणाला, "पप्पा, या वेळी आरटीओचं पासिंग झालं नाही तर भंगारात देऊन टाका आणि इकडे या." मी हो म्हणालो खरा, पण मनातून अजिबात नको होतं. मंदाच्या साड्या, भांडी, सगळं वाटून झालं होतं. आमच्या दोघांची म्हणून एवढी एक गाडीच उरली होती. ती गेली असती तर मला त्या घरात राहवलं नसतं.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर लीक होत होता, तो मी बदलला. त्यात काही विशेष नाही. पण सिलिंडर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि पेडल सरळ तळाला जातं. ती हवा काढणं एकट्याचं काम नाही. एकाने केबिनमध्ये बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, ढिला करायचा, हवा आणि ऑइल बाहेर आलं की परत आवळायचा. त्यानंतरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत.

आमच्याकडे पेडलवर मंदा असायची. चप्पल काढून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसायची. मी खालून "दाब" म्हणायचो, ती वरून "धरलंय" म्हणायची. आणि हमखास घाई करायची. पाना नुसता वाजला की हिचा पाय वर! यावरून आमचं दर वेळी वाजायचं. "मग तुम्हीच बसा वर, मी येते खाली," म्हणायची.

त्या दुपारी मी एकटाच होतो. शेजारचे सलीमभाई लग्नाला मालेगावला गेलेले, बाकी कॉलनी कामावर. आणि पासिंग दुसऱ्याच दिवशी. मी सीट आणि पेडलच्या मध्ये दांडकं अडकवून बघितलं. निपल उघडला की पेडल खाली जायचं, दांडकं पडायचं, पेडल वर यायचं — हवा परत आत. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी दांडकं अंगणात भिरकावलं, केबिनचं दार आपटलं आणि चाकापाशी गोणपाटावर नुसता बसून राहिलो.

मग सवयीने तोंडातून निघालं, "दाब."

पेडल करकरलं. त्या गाडीचं पेडल दाबलं की करकरतं. तीनदा आवाज आला, मग शांत.

मी पाना फिरवला. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे आणि ऑइल बाटलीत जोरात आलं. आवळला. "सोड" म्हणालो. परत करकर.

तुम्ही म्हणाल, उठून का नाही बघितलं? तिथे कुणी नसेल याची मला भीती वाटली. मी काम करत राहिलो. दाब, सोड, दाब, सोड. वरून "धरलंय" मात्र एकदाही आलं नाही.

आणि मग मधेच, मी आवळायच्या आधीच, पेडल वर आलं. नळीतलं ऑइल माझ्या डोळ्यांदेखत उलटं आत ओढलं गेलं.

"मंदे, पाना आवळल्याशिवाय सोडू नको म्हटलं ना!"

मी ओरडलो. भर दुपारी, रिकाम्या शेडमध्ये. मग निपल आवळून घेतला.

पुन्हा "दाब" म्हणालो. पेडल दाबलं गेलं. या वेळी मी आवळेपर्यंत हललं नाही. बुडबुडे संपले तेव्हा उठून केबिनमध्ये बघितलं. दारं बंद, काचा वर, सीट रिकामी. पेडल हाताने दाबलं — दगडासारखं घट्ट.

नितीनला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पप्पा, निपल उघडा असला की ऑइल आपोआप पण उतरतं." उतरतं, मलाही माहीत आहे. थेंब थेंब उतरतं. असं जोरात येत नाही, आणि उलटं तर मुळीच जात नाही. मग त्याने जेवलात का विचारलं.

दुसऱ्या दिवशी पासिंग झालं. गाडी राहिली, मीही राहिलो.

काय झालं होतं, ते मला अजून समजलेलं नाही. इथल्या जाणकारांकडे उत्तर असेल तर सांगा. पण आणखी एक गोष्ट आहे, ती नितीनला सांगितलेली नाही. पुढच्याच आठवड्यात, ब्रेक उत्तम असताना, मी जाऊन तो निपल उघडला. मुद्दाम हवा शिरू दिली आणि गोणपाटावर बसून "दाब" म्हणालो. बराच वेळ म्हणत होतो... ऊन शेडमधून बाहेर गेलं तरी काही नाही.

शेवटी सलीमभाईंना बोलावलं. ते पेडलवर बसले, हवा निघाली. खाली उतरून हात पुसत त्यांनी विचारलं, "भाऊ, ब्रेक तर एकदम बरोबर होते ना? मग खोलले कशाला?"

"उगाच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला पाना घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "परत कधी उगाच खोलावंसं वाटलं ना, तर आधी मला आवाज द्या. मी घरीच असतो."